गोळ्यांची पिशवी

१९६३ साली लंडनच्या मॉड्स्ली या मनोरुग्णालयात बॅरी ब्लॅकवेल नावाचे एक तरुण डॉक्टर काम करत होते. नैराश्यावर तेव्हा नुकत्याच आलेल्या ट्रॅनिलसिप्रोमिन या गोळीने काही रुग्णांचं डोकं एकाएकी फुटेल असं दुखतं, रक्तदाब भसकन चढतो, एखाद्याच्या मेंदूत रक्तस्रावही होतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. कारण मात्र सापडत नव्हतं. त्यांनी ‘लॅन्सेट’ला याबद्दल पत्र लिहिलं. ते वाचून नॉटिंगहॅमच्या एका फार्मासिस्टने त्यांना कळवलं, की माझी बायको हीच गोळी घेते, तिला दोनदा असा त्रास झाला आणि दोन्ही वेळा तिने त्याआधी चीज खाल्लं होतं.

चीज खाऊन डोकं दुखतं हे ऐकून सुरुवातीला हसूच आलं. पण फार्मासिस्टचं बरोबर होतं. मुरवलेल्या चीजमध्ये टायरामिन नावाचं द्रव्य असतं. एरवी आतड्यातलं आणि यकृतातलं एक एन्झाइम त्याचा निकाल लावून टाकतं. ही गोळी नेमकं तेच एन्झाइम बंद पाडते. मग टायरामिन थेट रक्तात जातं आणि रक्तदाब आभाळाला भिडतो. औषधशास्त्राच्या पुस्तकांत हा ‘चीज इफेक्ट’ म्हणून आजही शिकवतात.

या गोष्टीतलं रसायन बाजूला ठेवलं तरी एक प्रश्न उरतो. मोठमोठ्या डॉक्टरांना जे दिसलं नाही ते एका फार्मासिस्टला कसं दिसलं? कारण साधं आहे. बायकोची गोळी आणि बायकोचं ताट ही दोन्ही एकाच टेबलावर त्याच्या समोर होती.

नैराश्यावर एकापेक्षा जास्त औषधं घेणाऱ्यांची आणि त्यांच्या घरच्यांची काळजी नेहमी आकड्यातून बाहेर पडते. ‘बाप रे, आठ-आठ गोळ्या!’ आकडा काही वेळा खरोखरच काळजीचा असतो, काही वेळा अजिबात नसतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे या आठही गोळ्या एकत्र पाहणारा माणूस बहुतेक वेळा कुठेच नसतो. मनोविकारतज्ज्ञ आपल्या दोन लिहितात, हृदयाचे डॉक्टर त्यांच्या तीन. हाडांच्या डॉक्टरांनी कंबरेसाठी दिलेली एक असते, ‘गॅसची’ एक फॅमिली डॉक्टरांकडची आणि सर्दीची एक मेडिकलवाल्याने हातावर ठेवलेली. सगळ्या जाऊन पडतात श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात किंवा बँकेच्या जुन्या पिशवीत. औषधांचा खरा इतिहास तिथे असतो, डॉक्टरांच्या फाइलमध्ये त्याची चारदोन पानंच असतात.

५ मार्च १९८४ रोजी पहाटे न्यूयॉर्कच्या एका नामांकित रुग्णालयात लिबी झायन ही १८ वर्षांची विद्यार्थिनी दगावली. आदल्या रात्री ती ताप, थरथर आणि अस्वस्थता घेऊन आली होती. नैराश्यासाठी ती फेनेल्झिन घेत होती. ही चीजशी भांडणाऱ्या गोळ्यांच्याच घराण्यातली. थरथर थांबावी म्हणून रात्रपाळीच्या शिकाऊ डॉक्टरांनी तिला मेपेरिडिनचं, म्हणजे आपल्याकडे पेथिडीन नावाने ओळखलं जाणारं इंजेक्शन दिलं. फेनेल्झिन आणि पेथिडीन एकत्र आली तर जिवावर बेतू शकतं. पहाटे तिचा ताप १०७ अंश फॅरनहाइटपर्यंत गेला आणि हृदय थांबलं.

तिचे वडील सिडनी झायन पत्रकार होते, वकीलही होते. त्यांनी प्रकरण सोडलं नाही. खटल्यात मृत्यूच्या नेमक्या कारणावर खडाजंगी झाली. लिबीने कोकेन घेतलं होतं का, हा मुद्दा आला. १९९५ मध्ये ज्युरीने डॉक्टरांवर ठपका ठेवला आणि काही दोष लिबीच्या माहिती लपवण्यावरही टाकला. दरम्यान १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने नियम केला, की शिकाऊ डॉक्टरांना आठवड्याला ८० तासांपेक्षा जास्त आणि सलग २४ तासांपेक्षा अधिक राबवायचं नाही. लिबी झायन हे नाव जगभर त्या नियमामुळे ओळखलं जातं. नैराश्याच्या गोळ्यांबद्दल बोलताना मात्र ते इंजेक्शन विसरता येत नाही.

तिला जे झालं असावं असं बहुतेक तज्ज्ञ मानतात, त्याला ‘सिरोटोनिन सिंड्रोम’ म्हणतात. सिरोटोनिन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं एक रसायन. नैराश्यावरची बरीच औषधं ते वाढवतात किंवा जास्त वेळ टिकवतात. दोन-तीन बाजूंनी एकाच वेळी ते वाढलं तर घाम फुटतो, जुलाब होतात, हात थरथरतात, छाती धडधडते, माणूस बेचैन होतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या दिसतात. पाऊल वरच्या बाजूला झटक्यात ढकललं की ते आपोआप लयीत उडत राहतं. डॉक्टर ही खूण मुद्दाम तपासतात. सौम्य प्रकार बऱ्याचदा ‘काहीतरी व्हायरल असेल’ म्हणून निघून जातो. गंभीर प्रकार दुर्मिळ आहे, पण तो काही तासांतच उभा राहतो, आणि बहुधा नवं औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर.

आपल्याकडे फेनेल्झिनसारख्या जुन्या गोळ्या आता क्वचितच दिसतात. तरीही हे सगळं ‘तिकडचं’ म्हणून सोडून देता येत नाही. कंबरदुखीवर आणि ऑपरेशननंतर सर्रास दिलं जाणारं ट्रॅमाडॉल हे फक्त वेदनाशामक नाही. ते सिरोटोनिनही वाढवतं आणि फिट येण्याचा धोकाही. कोरड्या खोकल्याच्या कितीतरी सिरपमध्ये असलेलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन त्याच वाटेने जातं. मायग्रेनच्या काही गोळ्यांचंही तेच. डॅपॉक्सेटिन नावाची एक गोळी पुरुषांच्या शीघ्रपतनासाठी विकली जाते. ती नैराश्याच्या गोळ्यांची सख्खी चुलतबहीण आहे आणि त्यांच्याबरोबर घ्यायचीच नसते. पण ती गोळी बायकोलाही माहीत नसते, तर डॉक्टरांना कुठून कळणार?

इथे क्षयरोगाची एक जुनी कहाणी आठवते. १९५२ साली न्यूयॉर्कमधल्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रोग्यांवर इप्रोनियाझिड या नव्या औषधाचा प्रयोग चालू होता. महिनोन्‌महिने खाटेला खिळलेली माणसं खुलली, हसू-बोलू लागली, वॉर्डात नाचू लागली. त्या नाचाचे फोटो वर्तमानपत्रांत आले. काही वर्षांनी नेथन क्लाइन या मनोविकारतज्ज्ञांनी तेच औषध नैराश्यावर वापरून पाहिलं. नैराश्यावरच्या पहिल्या औषधांपैकी एक असं क्षयाच्या वॉर्डातून जन्माला आलं. पुढे यकृताला अपाय होतो म्हणून अमेरिकेत ते मागे घेतलं गेलं, पण चीजवाल्या सगळ्या गोळ्या त्याच्याच घराण्यातल्या.

आता चाक उलटं फिरलं आहे. साध्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी भारतात २०२४ मध्ये चार औषधांचा जो नवा उपचार मंजूर झाला, त्यात लिनेझोलिड आहे. हे प्रतिजैविक असलं तरी सौम्य प्रमाणात तेच एन्झाइम बंद करतं जे इप्रोनियाझिड करत असे. याच चौकडीतली बेडाक्विलिन आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन हृदयाच्या ठोक्यांची विद्युत लय लांबवू शकतात. नैराश्यावरचं सिटालोप्रामही ती लांबवतं. म्हणूनच २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याचा दिवसाचा डोस ४० मिलिग्रॅमवर आणि साठीपुढच्यांसाठी २० मिलिग्रॅमवर आणला. मुंबईतल्या चाळीत किंवा झोपडपट्टीत अशा क्षयाने महिनोन्‌महिने आजारी असलेल्या, नोकरी सुटलेल्या, घरात वेगळं ताट मिळणाऱ्या माणसाला नैराश्य येणं स्वाभाविक आहे. त्याला दोन्ही उपचार लागतात आणि काळजीपूर्वक ते देताही येतात. फक्त क्षयाच्या केंद्रात मनाच्या गोळीचं आणि मनाच्या डॉक्टरांकडे क्षयाच्या गोळीचं नाव सांगावं लागतं. दोन्ही आजार लपवण्याचीच सवय असलेल्या समाजात हे ‘फक्त’ फार मोठं आहे.

बहुतेक घरांत मात्र एवढं नाट्य घडत नाही. तिथे गोळ्या एकेक करून नकळत साचत जातात.

समजा, एखाद्या बाईंना नैराश्य आहे, झोप नाही, छातीत धडधड आहे. डॉक्टर एस्सिटालोप्राम लिहितात. त्याचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि सुरुवातीच्या काही दिवसांत अस्वस्थता उलट वाढू शकते. तेवढ्या दिवसांचा पूल म्हणून सोबत क्लोनाझेपाम दिलं जातं. इथवर सगळं समजूतदारपणाचं आहे. पूल ओलांडला की तो सोडायचा असतो. पण पुढच्या तारखेला गर्दी असते, बाईंना बरं वाटत असतं, ‘तेच चालू ठेवा’ असं म्हटलं जातं आणि चिठ्ठी सहा महिने फिरत राहते. क्लोनाझेपामची शरीराला सवय लागते. मग ते सोडलं की झोप उडते, आणि ‘बघा, गोळीशिवाय मला जमतच नाही’ हे पटायला तेवढं पुरतं.

भारतात यात आणखी एक गाठ आहे. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत घालून विकलं जातं. रुग्णाच्या लेखी ती एक गोळी, प्रत्यक्षात दोन औषधं. एक लांब चालवायचं, दुसरं लवकर थांबवायचं. एकाच गोळीतलं अर्धं औषध कमी कसं करणार? २०१४ पासून अल्प्राझोलामसारख्या, क्लोनाझेपामच्याच जातीतल्या काही औषधांसाठी ‘एच-वन’ अनुसूची लागू आहे. पाकिटावर लाल चौकटीत ताकीद असते आणि दुकानदाराने वहीत रुग्णाचं, डॉक्टरांचं नाव लिहायचं असतं. नियम चांगला आहे. मळकी जुनी चिठ्ठी दाखवून अशा गोळ्या किती सहज मिळतात, हे मात्र वाचकांना सांगायला नको.

एका गोळीतल्या दोन औषधांचा आणखी एक नमुना ‘गॅसच्या’ कॅप्सूलमध्ये सापडतो. पित्ताच्या औषधाबरोबर लेव्होसल्पिराइड घातलेल्या कॅप्सुली आपल्याकडे भरपूर खपतात. लेव्होसल्पिराइड पोटाची हालचाल सुधारतं हे खरं, पण मुळात ते सायकोसिसवरच्या औषधांच्या गटातलं आहे. ते महिनोन्‌महिने घेतलं, विशेषतः उतारवयात, तर हात कापू शकतात, चाल मंदावू शकते, चेहरा निर्विकार होऊ शकतो. मग घरचे म्हणतात, ‘नैराश्य वाढलेलं दिसतंय.’ मनोविकारतज्ज्ञ डोस वाढवतात. ॲसिडिटीची कॅप्सूल कोणी मोजलेलीच नसते.

अमिट्रिप्टिलिनचीही अशीच गंमत, जर तिला गंमत म्हणता आली तर. मधुमेहात तळपायांची आग होते म्हणून एक डॉक्टर ते देतात, मायग्रेनसाठी दुसरे देतात. लहान डोस असतो, रात्रीची छोटी गोळी. पण ते नैराश्यावरचं जुनं औषध आहे. ड्युलोक्सेटिनही तसंच, पाठदुखी आणि मज्जातंतूंच्या वेदनेसाठी लिहिलं जातं. आधीच नैराश्याची गोळी चालू असलेल्या माणसाच्या पिशवीत अशा रीतीने नैराश्यावरची दोन-दोन, तीन-तीन औषधं जमतात आणि ती एकत्र द्यायचं कोणीच ठरवलेलं नसतं.

ही औषधं एकमेकांत नेमकी कुठे अडकतात? बऱ्याचदा यकृतात. औषधं मोडून शरीराबाहेर काढण्यासाठी यकृतात एन्झाइमं असतात. एसटी स्टँडवरच्या तिकीट खिडक्या डोळ्यांसमोर आणा. एकेका खिडकीवर बऱ्याच औषधांची रांग असते. काही औषधं रांगेत उभी राहत नाहीत, खिडकीच अडवून बसतात. नैराश्यावरची फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन ‘टू-डी-सिक्स’ नावाची खिडकी अशी अडवतात. मग तिच्यावर अवलंबून असलेलं मेटोप्रोलॉल हे रक्तदाबाचं औषध रक्तात कित्येक पट साठतं, नाडी मंदावते, चक्कर येते. रुग्ण म्हणतो, ‘बीपीची गोळी मला झेपत नाही.’ पित्तावरचं ओमेप्राझोल दुसरी खिडकी अडवतं, तेव्हा सिटालोप्रामची पातळी वाढते.

याचं सर्वात काळजीचं उदाहरण स्तनाच्या कर्करोगातलं आहे. टॅमॉक्सिफेन ही गोळी अनेक स्त्रियांना पाच-पाच, दहा-दहा वर्षं घ्यावी लागते. तिचं काम तिच्यापासून तयार होणाऱ्या एन्डोक्सिफेन या रूपावर बरंचसं अवलंबून असतं, आणि हे रूप त्याच टू-डी-सिक्स खिडकीवर तयार होतं. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात टॅमॉक्सिफेनबरोबर नैराश्याचं एक औषध घेतलेल्या २,४३० वयस्क स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०१० मध्ये ‘बीएमजे’त ते निष्कर्ष आले. पॅरोक्सेटिन जितका काळ टॅमॉक्सिफेनच्या जोडीला चाललं, तितकं कर्करोगाने मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. यावर पुढे वाद झाले. तरीही आज सावध डॉक्टर अशा स्त्रीला पॅरोक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन टाळून खिडकी न अडवणारं दुसरं औषध देतात. पर्याय आहे आणि तो महागही नाही. कर्करोगाचे डॉक्टर आणि मनाचे डॉक्टर यांना एकमेकांची चिठ्ठी दिसली पाहिजे, एवढंच.

‘आजींचं सोडियम कमी झालं म्हणून ॲडमिट केलंय’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या बहुतेक कुटुंबांनी एकदा तरी ऐकलेलं असतं. रक्तातलं सोडियम साधारण १३५ ते १४५ या पट्ट्यात हवं. रक्तदाबासाठी दिली जाणारी ‘लघवीची’ गोळी ते उतरवते. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन यांसारखी औषधंही काही वृद्धांमध्ये ते उतरवतात. दोन्ही एकत्र असली तर सुरुवातीचे दोन-तीन आठवडे जपायचे असतात. सोडियम घसरलं की माणूस असंबद्ध बोलतो, गळून जातो, तोल जाऊन पडतो. ‘वयामुळे होतंय’ म्हणून ते खपून जातं, आणि एका साध्या रक्ततपासणीत कळलं असतं ते खुब्याचं हाड मोडल्यावर कळतं. असंच रक्तस्रावाचं. सिरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्या रक्तातल्या प्लेटलेट्सची एकमेकींना चिकटण्याची ताकद किंचित कमी करतात. त्यात ॲस्पिरिन किंवा गुडघ्यांसाठी रोजचं डायक्लोफेनॅक आलं की पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. मनःस्थिती स्थिर ठेवणारं लिथियम घेणाऱ्यांनी तर वेदनाशामक गोळी मनानेच घेऊ नये. लिथियमची उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार थोडं आहे. वेदनाशामकं आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या ते मूत्रपिंडातून बाहेर पडू देत नाहीत.

औषधाच्या त्रासाला नवा आजार समजून त्यावर आणखी औषध देण्याला कॅनडाच्या पॉला रॉशॉन आणि अमेरिकेचे जेरी गुरविट्झ या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात ‘औषधांची साखळी’ अशा अर्थाचं नाव दिलं. नैराश्यात ही साखळी लांबते. एका गोळीने हात कापू लागले म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल सुरू होतं. त्याने तोंड कोरडं पडतं, शौचाला होत नाही, म्हणून जुलाबाचं औषध. त्यानेच विसरायलाही होतं, म्हणून स्मरणशक्तीचं टॉनिक. चौथ्या औषधापर्यंत पहिल्याचं नावही कोणाला आठवत नाही.

हे एवढं वाचून कोणाला पिशवी खिडकीबाहेर भिरकवावीशी वाटली, तर या लेखाने नुकसानच केलं असं म्हणावं लागेल. काही आजारांत दोन औषधंच योग्य असतात. नैराश्यात भास किंवा भ्रम होत असतील तर एकटं नैराश्याचं औषध सहसा पुरत नाही. बायपोलर आजारात उलट नैराश्याची एकटी गोळी माणसाला उन्मादात ढकलू शकते, सोबत मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध लागतं. आणि पहिल्या औषधाने सगळेच बरे होत नाहीत, हेही खरं आहे. अमेरिकेत चार हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या ‘स्टार-डी’ या अभ्यासात सिटालोप्रामच्या पहिल्या पायरीवर सुमारे एक तृतीयांश रुग्णच पूर्ण बरे झाले. चार पायऱ्यांनंतर हा आकडा ६७ टक्क्यांवर गेला असं सांगितलं जायचं; २०२३ मध्ये त्याच नोंदींचं फेरविश्लेषण करणाऱ्यांनी तो जवळपास निम्म्यावर आणला. वाद बाजूला ठेवला तरी उरलेल्या रुग्णांचं काय, हा प्रश्न डॉक्टरांपुढे रोज उभा असतो.

तिथे भर घालणं कधी उपयोगी पडतं, कधी नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘को-मेड’ अभ्यासात ६६५ रुग्णांना सुरुवातीपासून एक किंवा दोन औषधं दिली गेली. तीन महिन्यांनी बरे होणाऱ्यांचं प्रमाण साधारण सारखंच निघालं, आणि एका जोडीत त्रास जास्त झाला. ब्रिटनमध्ये चालू औषधात मिर्टाझापिनची भर घालून पाहिली, २०१८ मध्ये निष्कर्ष आले, फारसा फायदा नव्हता. याउलट साठीपुढच्या ज्या रुग्णांना दोन औषधांनी गुण आला नव्हता, त्यांना ॲरिपिप्राझोलची थोडी जोड दिल्यावर औषध बदलण्यापेक्षा जास्त बरं वाटलं, असं २०२३ मधल्या ‘ऑप्टिमम’ अभ्यासात दिसलं. त्याच अभ्यासात बुप्रोपिऑनची जोड दिलेले वृद्ध जास्त वेळा पडले. त्यामुळे ‘दोन गोळ्या का?’ या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. ‘ही दुसरी कशासाठी, गुण आला की नाही हे कधी ठरवायचं आणि नाही आला तर कोणती काढायची?’ हा प्रश्न रुग्णाने विचारावा असा आहे. चांगल्या डॉक्टरांना तो आवडतोही.

आपल्याकडे अतिऔषधांपेक्षा औषधच न मिळणाऱ्यांची संख्या कितीतरी मोठी आहे. बंगळूरच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्र नव्हता, पण देशाचं चित्र त्यातून दिसतं. नैराश्य असलेल्या बहुसंख्यांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. मनोविकारतज्ज्ञ लाख लोकांमागे एकही भरत नाही. मग जो पोचतो त्याला पाच मिनिटं मिळतात, आणि पाच मिनिटांत करता येण्यासारखी सोपी गोष्ट म्हणजे आणखी एक गोळी लिहिणं. गोळी काढायची तर बसून बोलावं लागतं.

गोव्यात या बोलण्याचाच प्रयोग झाला. ‘संगत’ संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर सहा-आठ बैठकांचं समुपदेशन मिळालं. समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राची पदवीही त्यांच्याकडे नव्हती. त्याच भागातली, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. रुग्णाच्या ठप्प झालेल्या दिवसात एकेक काम परत कसं आणायचं, यावर ते बोलत. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले ३९ टक्के. पुढचं औषध वाढवण्याआधी हा एक पर्याय असू शकतो, हे कुठेतरी लिहिलं गेलं पाहिजे.

गोळ्या कमी करायच्या तरी त्या अचानक थांबवायच्या नसतात. पॅरोक्सेटिन किंवा व्हेनलाफॅक्सिन एकदम सोडलं की दोन-तीन दिवसांत चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना होऊ शकते. फ्लुओक्सेटिन शरीरात आठवडेच्या आठवडे रेंगाळतं, त्यामुळे ते सोडताना त्रास कमी आणि उशिरा होतो. क्लोनाझेपाम बराच काळ घेऊन झटक्यात बंद केलं तर फिटसुद्धा येऊ शकते. ब्रिटनमध्ये बरं वाटत असलेल्या, औषध थांबवण्याच्या तयारीत असलेल्या ४७८ जणांच्या अभ्यासात, सावकाश कमी करत औषध बंद केलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना वर्षभरात नैराश्य परतलं. औषध चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. म्हणजे औषध चालू ठेवूनही आजार परततो, आणि औषध थांबवूनही बरेच जण बरे राहतात. एका वेळी एकच गोळी कमी करायची, ठरलेल्या वेगाने, डॉक्टरांना सांगून. दोन एकदम कमी केल्या तर बिघडलं कशाने, हे कळतच नाही.

मुलांकडे अमेरिकेत सहा महिने राहायला जाणारे आईवडील बॅगेत सहा महिन्यांच्या गोळ्या घेऊन जातात. तिथे रात्री इमर्जन्सीत जायची वेळ आली तर आपल्याकडच्या ब्रँडचं नाव त्या डॉक्टरांना काहीच सांगत नाही. एस्सिटालोप्राम-क्लोनाझेपामची जोडगोळी तिथे मिळतही नाही. म्हणून पिशवीतल्या सगळ्या औषधांची एक यादी करावी, आणि ती ब्रँडच्या नावाने न करता आतल्या औषधाच्या नावाने करावी. गोळीत दोन औषधं असतील तर दोन ओळी. पुढे डोस, कोणी दिली, कधीपासून, कशासाठी. काढे, चूर्णं, अश्वगंधा, प्रोटीन पावडर, खोकल्याचं सिरप, कधीमधी घेतलेली वेदनाशामक आणि रात्रीचा पेगसुद्धा त्याच कागदावर. पेग आणि क्लोनाझेपाम एकत्र आले की श्वास मंदावू शकतो, हे फार घरांत माहीत नसतं.

ज्यांना जवळ मनोविकारतज्ज्ञ नाही, त्यांच्यासाठी १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. गोळी सोडावी का, हे विचारायला तो शेजाऱ्यापेक्षा बरा.

यादी करायला बसल्यावर बहुतेकांना पहिला अडथळा येतो तो मेडिकलच्या कात्रीचा. पंधरा गोळ्यांची स्ट्रिप दहावर कापली जाते. बॅच आणि मुदत छापलेली बाजू दुकानात राहते आणि हातात येतो तो चंदेरी तुकडा, ज्यावर नावाची दोनच अक्षरं उरलेली असतात. घरी आल्यावर ती ‘पांढरी छोटी’ किंवा ‘रात्रीची’ होते. दुकानदाराकडे छापील बिल मागितलं तर नाव, बॅच आणि मुदत तिन्ही त्यावर मिळतात. आणि कात्री लागण्याआधी अख्ख्या स्ट्रिपचा मोबाइलवर एक फोटो काढायला कोणी नाही म्हणत नाही.